पानाफुलांची कलाकृती : टिकवायची की कुजू द्यायची?

रानजाई

नमस्कार मंडळी,

धागा काढायचं कारण एक प्रदर्शन. आमच्या भागातल्या एका कलामंडळाने जानेवारीत दहा दिवस हॉल घेतलाय आणि माझी 'पानांची कामं' मांडायला बोलावलंय. अट एकच : दहाव्या दिवशीही ती पहिल्या दिवसासारखीच दिसली पाहिजेत. "लॅकर मारा, रेझिनमध्ये घाला, काहीही करा, पण लोकांसमोर पाचोळा नको," असं संयोजकांचं म्हणणं. माणसं भली आहेत, भांडायचं नाहीये. पण तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

काम काय ते आधी सांगते. थंडीत देशी बदामाची पानं गळायला लागली की एकाच झाडाखाली पिवळं, नारिंगी, तांबडं, जांभळटाकडे झुकलेलं अशी सगळी रंगपट्टी पडलेली मिळते. पुण्यात तर सोसायटी-सोसायटीत हे झाड आहे. सकाळी दव असतानाच पानं वेचायची, रंगाप्रमाणे लावायची आणि बाभळीच्या काट्यांनी एकमेकांना टाचायची. गोंद नाही, दोरा नाही. ऊन चढलं की पान कडेने वळायला लागतं. बदामाचं पान जाड, ते मधल्या शिरेवर दुमडतं, त्या ताणाने काट्याजवळचं भोक लांबतं आणि एखादा सांधा सुटतो. दुपारपर्यंत सपाट पट्ट्याची गुंडाळी झालेली असते. मला खरं तर काम इथून पुढे आवडायला लागतं.

ही पद्धत माझ्या डोक्यातली नाही. अँडी गोल्ड्सवर्दी नावाचा ब्रिटिश शिल्पकार आहे, जन्म १९५६, स्कॉटलंडमधल्या पेनपाँट गावात राहतो. तेराव्या वर्षापासून शेतावर मजुरी केलेला माणूस. कॉलेजात असताना वर्गात बसण्यापेक्षा जवळच्या समुद्रकिनाऱ्यावर दगड रचत बसायचा, आणि भरती आली की सगळं जायचं. पानं काट्यांनी टाचणं, बर्फाच्या सुया थुंकीने चिकटवणं, पाऊस सुरू होताना जमिनीवर आडवं पडून आपल्या आकाराची कोरडी सावली मागे ठेवणं, असले उद्योग तो गेली पन्नासेक वर्षं करतोय. बहुतेक कामं काही तासांत किंवा दिवसांत संपतात. उरतो तो फोटो.

तर प्रश्न असा : लॅकर मारलं तर ते माझं काम राहील का? आणि फोटोच लावायचे ठरवले तर तीही एक प्रकारे लॅकर मारल्यासारखीच लबाडी नाही का?

---

मनमौजी

वाचतेय. फोटो डकव की एखादा. (हो, कळलं मला मी काय लिहिलं ते.)

---

तिरकस

रानजाई, काम चांगलंच असणार, पण एक विचारतो, रागावू नका. आपल्याकडे बायका रोज सकाळी दारात रांगोळी काढतात, संध्याकाळपर्यंत ती पायाखाली जाते. हरतालिकेला वाळूची पिंड करतात, ती पाण्यात जाते. तेरड्याच्या गौरी येतात, जेवतात, तिसऱ्या दिवशी निघतात. कुणी त्याला 'नश्वरतेचा शोध' म्हटलं नाही की त्यासाठी हॉल घेतला नाही. स्कॉटलंडातल्या बाप्याने पानं टाचली की ती कला आणि आमची मावशी पळसाच्या पत्रावळी लावायची ते घरकाम? चोयांनी टाचायची, वर आमटी वाढली तरी गळत नसे. त्या बाप्याला म्हणावं वाढून दाखव.

---

रानजाई

काका, रागावत नाही, पत्रावळीचा मुद्दा पूर्ण मान्य. तंत्र तेच आहे आणि मावशींचा हात माझ्यापेक्षा पक्का असणार. गोल्ड्सवर्दीची पानं टाचलेली पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही पत्रावळच आठवली होती.

पण रांगोळीचं पटलं नाही. रांगोळी कुजत नाही हो. शिरगोळ्याची भुकटी म्हणजे दगडच, तो शंभर वर्षांनीही तसाच. ती पुसली जाते, आणि पुसायला कुणाचा तरी हात लागतो नाहीतर पाय. विसर्जनही आपणच करतो, दिवस ठरवून. पानाचं तसं नाही. मी घरी झोपलेली असले तरी ते तिकडे बदलत असतं. माझ्या इच्छेचा संबंध सुटतो तिथून पुढे काय होतं, ते बघायचंय मला.

---

झारापचो झील

तिरकस काका, तुम्ही घाटावरचे, म्हणून माटवी विसरलात!

गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात ती माटवी. गोव्यात तीच माटोळी, आणि तिथे सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय तिच्या स्पर्धाही घेतं. तिला रानातलं नि परसातलं मिळेल ते बांधायचं : नारळ, सुपारीचे घड, लालभडक कवंडळं, कांगणीचे घोस, शेरवडाची पांढरी पानं, आंबाडे, चिबूड, तवसं (मोठी काकडी). चतुर्थीच्या आधी दोन दिवस पोरंटोरं रानात आणि म्हातारी माणसं 'ह्या नको, ता आण' म्हणून ओरडतायत असा सीन असतो.

दीड दिवसाच्या घरात माटवी ताजी असतानाच उतरते. आमचा गणपती अकरा दिवसांचा. त्यामुळे रानजाई म्हणते ते सगळं आम्ही दर भाद्रपदात मान वर करून बघतो. शेरवड पहिल्यांदा काळी पडते. मग आंबाडे मऊ होतात. तवसं वरवर ठणठणीत दिसतं, पण त्याचा देठ सडतो आणि रात्री आरतीनंतर धप्प! म्हणून आजी तवसं देठाने कधीच बांधू द्यायची नाही, केळीच्या सोपाचं शिंकाळं करून त्यात बसवायची. आणि कांगणी उलटी. पहिल्या दिवशी नुसते पिवळे मणी, बघण्यासारखं काही नाही. वाळली की बोंडं तडकतात आणि आतून शेंदरी बिया दिसायला लागतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत माटवीत तेवढाच रंग उरलेला असतो. आजी कांगणी मुद्दाम समोरच्या बाजूला बांधायला लावायची, पहिल्या दिवशी येणारी माणसं विचारायची हे काय लावलंय. नश्वरता वगैरे शब्द तिने उच्चारला नसेल, पण कुठली वस्तू कितव्या दिवशी काय होणार हे तिला पाठ होतं.

माझं मत : लॅकर नको. दहा दिवसांचं प्रदर्शन आहे ना, मग दहा दिवसांची माटवी बांध.

---

मनमौजी

झील, __/\__ काय लिहिलंयस. कांगणीचं तर अफाट.

---

उंडगा

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

चिंचोका

वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं रुक्ष लिहितो. इथे वाळणं आणि कुजणं यांची सरमिसळ होतेय.

वाळणं म्हणजे पाणी उडून जाणं, बस. कुजणं म्हणजे बुरशी आणि जिवाणूंनी खाणं, आणि त्यांना खायला ओल लागते. हवेतली आर्द्रता साधारण सत्तर टक्क्यांच्या वर काही काळ टिकली नाही तर बहुतेक बुरशी धरत नाही. रानजाई, जानेवारीतल्या पुण्यात बंद हॉलमध्ये तुझं बदामाचं पान कुजणार नाही. वाळेल, वळेल, विटकरी-तपकिरी होईल आणि तसंच महिनोन् महिने बसून राहील. झीलच्या माटवीत जे होतं ते भाद्रपदातल्या कोकणाच्या हवेमुळे. म्हणजे तुझे संयोजक ज्या 'पाचोळ्या'ला घाबरतायत तो होईल, पण तुला बघायचंय ते कुजणं त्यात नसेल.

लॅकरबद्दल : पानात ओल असताना मारलंस तर ती आत कोंडते आणि पान चट्ट्याचट्ट्यांनी काळं पडतं. पूर्ण वाळवून मारलंस तर रंग आधीच गेलेला असतो. शिवाय ते पान पुन्हा मातीत टाकता येत नाही, मुंग्या-गांडुळांच्या दृष्टीने ते प्लास्टिकच. ग्लिसरीनची पद्धत बरी. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, त्यात पानं बुडवून आठवडाभर दाबून ठेवायची. लवचीक राहतात, पण रंग तपकिरीकडे जातोच. फांदीसकट देठाने ग्लिसरीन शोषवतात ती वेगळी रीत, ती झाडावरच्या जिवंत पानासाठी. गळलेलं पान वर काही ओढत नाही.

लाल रंग पण फार टिकत नाही. पान गळायच्या आधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडून कामाची द्रव्यं परत घेतं. पिवळा आधीपासून खाली दडलेला असतो तो उघडा पडतो. तांबडा मात्र झाड त्या शेवटच्या दिवसांत नव्याने बनवतं. जाता जाता केलेला खर्च आहे तो, आणि तो कशासाठी यावर आमच्यातही एकमत नाही.

कुजणं हाताळूनच बघायचं असेल तर पिंपळाचं पान घे. वहीत ठेवून जाळी पडायची वाट बघणारे आपण सगळेच, पण वहीत जाळी पडत नाही, पान नुसतं वाळतं. जाळी पाण्यात पडते. बादलीत पानं बुडवून वर दगड ठेवायचा आणि तीन-चार आठवडे विसरायचं. जिवाणू शिरांमधला मऊ गर खातात. शिरांमध्ये लिग्निन हे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य असतं, ते त्यांना झेपत नाही. मग पान बशीत घेऊन पाण्याखालीच मऊ ब्रशने हलके हलके झटकायचं. गर शेवाळी चिखलासारखा सुटतो आणि खाली शिरांचं जाळं दिसायला लागतं, आधी टोकाकडे, देठाजवळ सगळ्यात शेवटी. देठाजवळ घाई केली की फाटतं.

ही जाळी म्हणजे कुजून उरलेलं. जिवाणूंनी अर्धं काम केलेलं असतं, तुम्ही ते योग्य वेळी थांबवता. तुझ्या 'टिकवू की कुजू देऊ'ला हे तिसरं उत्तर आहे, असं मला वाटतं.

---

तिरकस

चिंचोका सर, तुमच्या वर्गात आम्ही असतो तर पास झालो असतो.

---

ऱ्हाईनकाठचा

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फहून. इथल्या कला अकादमीत योसेफ बॉइस हा जर्मन कलाकार शिकवायचा. त्याने १९८२ मध्ये एका खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ, पाच किलो लोणी थापलं. 'चरबीचा कोपरा'. बॉइस १९८६ च्या जानेवारीत गेला. त्याच वर्षी पुढे सफाई करणाऱ्याने ते खवट पिवळं प्रकरण काढून कचऱ्यात टाकलं. बॉइसच्या शिष्याने दावा केला की हे काम गुरूने मला दिलं होतं, आणि सरकारने चाळीस हजार मार्क भरपाई दिली. इथे आजही दोन तट आहेत. एक म्हणतो कलाकृतीचा खून झाला. दुसरा म्हणतो, लोणी लावून ठेवलंत तर शेवटी कुणीतरी साफ करणारच, तोही त्या कामाचाच भाग. मी दुसऱ्या तटात. अर्थात भरपाईचे पैसे कराचे होते, तेव्हा थोडा पहिल्याही तटात.

वोल्फगांग लाइब या जर्मन कलाकाराचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. जन्म १९५०, शिकला डॉक्टरकी, ती पुरी करून १९७४ मध्ये सोडली ती सोडलीच. दक्षिण जर्मनीतल्या आपल्या खेड्याभोवती वसंतात हेझल, डँडेलियन, पाइन यांचे पराग हाताने गोळा करतो. अख्ख्या मोसमात हाती लागते एखाद-दुसरी बरणी. मग प्रदर्शनात तो पराग गाळणीतून जमिनीवर पसरतो, पिवळाधमक चौकोन. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २०१३ साली १८ बाय २१ फुटांचा केला होता, त्याचा सगळ्यात मोठा. प्रदर्शन संपलं की पराग पुन्हा बरणीत. त्याचं दुसरं काम १९७५ पासूनचं : पांढऱ्या संगमरवराची लादी, वरून जेमतेम खोलगट घासलेली, त्यात काठोकाठ दूध. लांबून अखंड दगड वाटतो. दूध नासतं, म्हणून रोज संध्याकाळी पुसून काढायचं आणि सकाळी नवीन ओतायचं. हे काम संग्रहालयातली माणसं करतात. त्याचा एक स्टुडिओ मदुराईजवळही आहे. आपल्या माणसाला पिंडीवरचं दूध आठवणारच, पण इथे कुणी देव नाही. रोजचं पुसणं तेवढं आहे.

---

चिंचोका

लाइबचं वाचून हसू आलं. बदामाचं पान हंगामात जातं, दूध दिवसात, पण परागकणाचं कवच सजीवांनी बनवलेल्या सगळ्यात चिवट द्रव्यांपैकी आहे. तळ्याच्या गाळात हजारो वर्षांपूर्वीचे पराग सापडतात, त्यावरून जुनं जंगल कसलं होतं ते ओळखतो आम्ही. दिसायला फुंकरीसरशी उडेल असं, पण टिकायला पराग संगमरवरालाही भारी पडू शकेल.

---

डहाणू_लोकल

ऱ्हाईनकाठचा, तुमच्याच ड्युसेलडॉर्फमध्ये २००३ साली ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग आणि आमच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं एकत्र प्रदर्शन झालं होतं. लाँग म्हणजे तोच, ज्याने १९६७ मध्ये गवतावर एकाच रेषेत येरझारा घालून वाट पाडली, फोटो काढला आणि ते झालं त्याचं काम. तो म्हसे यांच्याकडे डहाणूला येऊन राहून गेला होता.

पण मला वेगळंच सांगायचंय. वारली चित्र मुळात भिंतीवरचं आणि लग्नाचं. कुडाची भिंत, त्यावर शेण-माती, मग गेरू, वर तांदळाच्या पिठाचं पांढरं. लग्नाचा चौक म्हणजे चौकोनी चित्र सवाशिणी लिहायच्या, मध्ये पालघाट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी करायची. लग्न झालं की चौकाचं काम संपलं. पुढे धूर, ओल, पाऊस, पोपडे. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवायची. जुना चौक जपावा असं कुणाच्या मनातही येत नसे, कारण तो जपायची वस्तू नव्हताच.

मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी आले, कागद आणि रंग घेऊन. (त्याआधी दुष्काळात बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांना कागद देणारेही तेच.) कागदावर आल्यावर चित्र टिकायला लागलं, टिकायला लागल्यावर विकायला लागलं. म्हसे जगभर गेले, २०११ ला पद्मश्री, २०१८ ला वारले. कितीतरी पाड्यांवर त्यातून घरं चालली. आणि हेही झालं, की भिंतीवर लिहिणाऱ्या बाया मागे राहिल्या आणि कागदावर सही करणारे पुरुष पुढे आले.

म्हणून 'कुजू द्या, तेच खरं' असं कुणी म्हणालं की मी जरा सावध होतो. ज्याचं पोट दुसरीकडून भरतंय त्याला ते सोपं आहे. रानजाईताई, टोमणा नाही हा. गोल्ड्सवर्दीसुद्धा फोटो आणि पुस्तकं विकतो, आणि लांबच लांब दगडी भिंती बांधतो ज्या त्याच्या मागे राहतील.

---

रानजाई

टोमणा असला तरी चालेल, रास्त आहे. मी बँकेत नोकरी करते. पानं माझं पोट भरत नाहीत, म्हणून मला ती वाऱ्यावर सोडणं परवडतं. बायका मागे राहिल्याचं तर याआधी कुणी असं मांडलेलं मी वाचलं नव्हतं.

---

निशिगंध

उशिरा आले. कागद आणि कापड यांचं जतन हे माझं रोजचं काम, म्हणजे या धाग्यावर मी शत्रुपक्षात.

आमच्या क्षेत्रात एका कामाची चर्चा संपत नाही. झोई लेनर्ड ही अमेरिकन चित्रकार-छायाचित्रकार. तिचा जवळचा मित्र, चित्रकार डेव्हिड वॉयनारोविच, १९९२ मध्ये एड्सने गेला. त्या काळात ती फळं खाऊन साली वाळवायची आणि पुन्हा शिवायची. केळी, संत्री, लिंबं, ग्रेपफ्रूट, अवाकाडो. दोऱ्याने, तारेने, कुठे चेन लावून, कुठे बटणं. १९९७ पर्यंत अशा तीनेकशे साली झाल्या. आत काहीच नाही, नुसतं शिवलेलं टरफल. केळ्याची साल वाळून काळीकुट्ट, लांबट, आणि तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके नीट ओळीत घातलेले. शिवून फळ परत येत नाही, हे माहीत असून घातलेले टाके.

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाने ते काम घ्यायचं ठरवलं तेव्हा प्रश्न आला : याचं जतन कसं करायचं? क्रिस्तियान शायडेमान हा जर्मन जतनतज्ज्ञ, असल्या विचित्र द्रव्यांत मुरलेला. त्याने बराच काळ खटपट करून साली गोठवून, आत राळेसारखं द्रव्य मुरवून त्यांची झीज रोखायची पद्धत बसवली. काही नग करूनही दाखवले. उत्तम झाले होते. आणि ते बघून लेनर्डने नको म्हटलं. तिच्या लक्षात आलं की थांबवलेल्या साली म्हणजे ते कामच नव्हे. संग्रहालयाने ते न थांबवता घेतलं. अधूनमधून जमिनीवर मांडतात, एकेक साल चुरत जाते.

शायडेमानने इतकं करून दाखवलं नसतं तर तिला तरी ते कळलं असतं का, असं मला नेहमी वाटतं. म्हणून सल्ला असा की एक पट्टा लॅकर मारून बघच. शेजारी बिनलॅकरचा ठेव. दोन्ही समोर आल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरं, व्यवहाराचं : संयोजकांशी लिहून घे. कुठलं पान पडलं तर उचलायचं, कुठलं नाही, झाडूवाल्या मावशींना कोण सांगणार, शेवटच्या दिवशी काय होणार. बॉइसच्या लोण्याचा सगळा घोळ या कागदाअभावीच झाला.

तिसरं, किडे. शेजारच्या भिंतीवर कुणाची जलरंगातली चित्रं असतील तर पानं आधी निदान आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग आण. तुझी नश्वरता दुसऱ्याच्या कागदात शिरायला नको.

---

तिरकस

आणि ते टेप लावलेलं केळं? २०१९ मध्ये मायामीला कलाकृती म्हणून भिंतीवर चिकटवलं, एक लाख वीस हजार डॉलर. २०२४ मध्ये लिलावात बासष्ट लाख डॉलर, घेणाऱ्याने खाऊनसुद्धा टाकलं. बसा आता नश्वरतेचा शोध घेत.

---

निशिगंध

काका, ते केळं या धाग्यात बसतच नाही. ते कुजायच्या आत बदलतात. विकलं जातं ते प्रमाणपत्र आणि कसं लावायचं त्याच्या सूचना. त्या प्रमाणपत्राला बुरशी येत नाही.

सडणं खरोखर विकायला मांडणारा माणूस हवा असेल तर डीटर रोट हा स्विस कलाकार. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या गॅलरीत ३७ सुटकेसा भरून चीज ठेवलं आणि एकेक उघडत गेला. अळ्या, माश्या आणि असा वास की लोक दारातून परत फिरायचे.

---

मनमौजी

जेवताना वाचत होते. आभारी आहे.

---

उंडगा

फोटोचं राहिलंच की. माझ्या मते फोटो लबाडी नाही, पण फोटो कधीचा हे महत्त्वाचं. सगळे पहिल्या तासातला काढतात, काम ऐन भरात असतानाचा. मग बघणाऱ्याला कुजणं दिसतच नाही, फक्त खाली लिहिलेलं वाचून मान डोलवायची. संध्याकाळचा काढ. चौथ्या दिवसाचा काढ, त्याच जागेवर उभं राहून.

---

रानजाई

उंडगा, हे घेतलं. गोल्ड्सवर्दी काही कामांत तेच करतो. त्याचं मला सगळ्यात आवडतं काम तर फोटोवर अवलंबूनच नव्हतं. स्कॉटलंडमधल्या हिवाळ्यात त्याने बर्फाचे तेरा प्रचंड गोळे केले, प्रत्येक टनभर वजनाचा, ते शीतगृहात ठेवले आणि २१ जून २०००, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पहाटे लंडनच्या रस्त्यांवर आणून सोडले. ऑफिसला जाणारे लोक बघतच राहिले. पण खरी गंमत वितळायला लागल्यावर. एकातून मेंढीची लोकर बाहेर यायला लागली, एकातून धान्याची कणसं, एकातून काटेरी तार, एकातून गाईचे केस. बर्फ करतानाच त्याने ठरवलं होतं की कुठल्या गोळ्यातून काय उघडं पडणार. झीलच्या आजीची कांगणी आणि हे गोळे यांत मला काही फरक दिसत नाही. संपणं तर होणारच, ते कसं व्हावं हे आधी बांधून ठेवायचं, आणि पुढे हात लावायचा नाही.

त्यामुळे लॅकरचा पट्टा निशिगंध म्हणते तसा चाचणीपुरता करेन, हॉलमध्ये नेणार नाही. मात्र चिंचोका सरांनी घोळ घातलाय. जानेवारीत कुजणारच नसेल तर मी मांडू काय? नुसतं वाळलेलं मांडायचं नाहीये मला.

---

निशिगंध

काच लाव.

अन्या गॅलाचिओ, स्कॉटिश कलाकार. १९९१ मध्ये तिने दोनेक हजार लाल जरबेरा मोठ्या काचांमागे ओळीत दाबून बसवले. सुरुवातीला दिसायला सुंदर, दुकानात मांडल्यासारखं. पण फुलातलं पाणी काचेमागून जाणार कुठे? बुरशी धरली, फुलं काळी पडून घसरायला लागली, पाणी खाली ओघळलं. काम आता ब्रिटनच्या टेट संग्रहालयाकडे आहे, दरवेळी नवी फुलं आणून नव्याने करतात.

आता बघ. तुझ्या संयोजकांना काय हवंय? फ्रेम, काच, नीटनेटकं. दे त्यांना.

---

झारापचो झील

ख्या ख्या ख्या. ह्यो खरो कोकणी डोक्याचो उपाय.

---

चिंचोका

शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक. काचेमागे आर्द्रता शंभर टक्क्यांच्या आसपास राहील, बाहेर जानेवारी असो की मे. बदामाचं पान गळतानाच बरंच कोरडं झालेलं असतं, ते सावकाश जाईल. जरबेऱ्याचा देठ आतून पोकळ आणि पाणीदार, तो आधी जाईल. दोन्ही मिसळलीस तर एकाच काचेत दोन वेग दिसतील. जरबेरा मावळात पॉलिहाउसमध्ये ढिगाने होतो, मार्केटयार्डात दहाच्या जुड्या मिळतात. लग्नाच्या तिथी नसलेला दिवस बघून जा, भाव निम्मा असतो.

---

डहाणू_लोकल

संयोजकांना आधी सांगणार ना ताई? की तिसऱ्या दिवशी कळू द्यायचं?

---

रानजाई

आधी सांगणार. निशिगंधने कागद करायला सांगितलाय, त्यातच लिहीन : काचेमागे जे होईल ते होऊ द्यायचं, दहा दिवस फ्रेम उघडायची नाही. नाही म्हणाले तर पानं घेऊन घरी. काच मात्र माझ्या खर्चाने, त्यामुळे आकार बेताचाच. सर, ओघळाचं काय करू? हॉलची भिंत नुकतीच रंगवलीय.

---

चिंचोका

फ्रेमच्या खालच्या कडेला ॲल्युमिनियमची पन्हळ बसवून घे, सरकत्या खिडकीच्या चॅनेलचा तुकडा चालेल. एका टोकाला किंचित उतार आणि खाली बरणी. भिंतीच्या बाजूने जाड प्लास्टिक लाव, नुसतं प्लायवूड फुगेल. बरणीतलं पाणी रोज ओत, साठवून ठेवू नकोस, त्याचा वास काचेमागच्या फुलांपेक्षा वाईट येतो.